बँडसॉच्या दोन चाकांचं रबर

शिलाई मशीनचा पट्टा घ्यायला आलेली बाई दुकानातल्या रांगेत उभी राहिली आणि तिचे कान आपोआप पुढच्या म्हाताऱ्या सुतार जोडप्याकडे लागले.

“अगं, लाकूड कापायच्या त्या बँडसॉच्या चाकांवरचं रबर पार झिजलंय. पातं सारखं घसरतं.”

“मग विकून टाका ना मशीन. हात थरथरतात तुमचे.”

“मशीन सुरू झालं की थांबतात.”

“गेल्या खेपेला रबर ताणायचं म्हणून गरम पाण्यात घातलंत, तेही माझ्या दुधाच्या पातेल्यात! आठवडाभर चहाला टायरचा वास.”

“तरी दोन-दोन कप प्यायचीस.”

“अहो, लेकाने गिऱ्हाईक आणलंय. आता हो म्हणा.”

रांग सरकली, तसा म्हातारा काउंटरला टेकला.

“बरं बाई. विकू.”

“बोला आजी, काय देऊ?” दुकानदाराने विचारलं.

“बँडसॉचं रबर द्या, वरच्या-खालच्या दोन्ही चाकांचं. ही सुतळी घ्या, चाकाभोवती गुंडाळून माप आणलंय. आणि अहो, जुनं रबर मी खरवडून काढलंय काल, तुम्ही घोरत होतात तेव्हा.”

“अगं, मग मघापासून माझं डोकं का खाल्लंस?”

“काय करू? रांगेत नुसतं उभं राहवत नाही मला.”