सुरैयाबाईंचं शरदाचं कपाट

सन्माननीय अध्यक्ष केसरीनाथशेठ, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या वाचनालयाच्या आज निवृत्त होणाऱ्या ग्रंथपाल सुरैयाबाई, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेल्या वाचक बंधुभगिनींनो,

जन्म वर्तमानपत्रात गेला, त्यामुळे वेळेत थांबायची सवय आहे. काळजी नसावी.

शरद ऋतूत काय वाचावं, हा प्रश्न आपल्या भिवंडीत कुणाला पडतो? सुरैयाबाईंना पडला. नवरात्र आलं की दारालगतचं एक कपाट रिकामं करून त्यात त्या खास निवडलेली पुस्तकं मांडायच्या. आपण त्याला शरदाचं कपाट म्हणू लागलो. आवडीचा लेखक कोण, हे त्या विचारत नसत. विचारायच्या, "कापणी कधी? लूम कधी बंद?" कापणीवाल्याला छोट्या प्रकरणांचं पुस्तक, दुपारी बांधावर एक प्रकरण संपलं पाहिजे. आपले फरहानभाई दिवाळीत यंत्रमागाचा कारखाना बंद ठेवतात. ते म्हणायचे, "खटखट थांबली की झोपच येत नाही, बाई." त्यांच्या हाती जाडजूड कादंबरी. "ही घ्या. आता झोप आली तरी लागायची नाही!" मला मात्र ऑक्टोबरच्या उकाड्यात दरवर्षी बर्फातल्या डोंगरांचं प्रवासवर्णन मिळायचं.

दिघाशी गावचे बाळारामदादा आणि पार्वतीबाई हे जोडपं या कपाटाचं जुनं गिऱ्हाईक. दुपारच्या भाकरीनंतर दादा बांधावर आडवे व्हायचे आणि पार्वतीबाई मोठ्याने वाचायच्या. गेल्या वर्षी त्यांनी घटस्थापनेला एक कादंबरी नेली. कापणी निम्मी झाली, कादंबरीही निम्मी झाली, आणि पार्वतीबाई अचानक गेल्या.

दादा पुस्तक परत करीनात. निरोप पाठवला, तर उत्तर आलं, "न्हाय देनार." शेवटी बाई स्वतः निघाल्या. स्कूटर माझी होती, म्हणून मी साक्षीदार.

ओटीवर बसताच दादा म्हणाले, "पुस्तक न्यायला आलाव?"

"नाही. उरलेलं वाचून दाखवायला आलेय. आधी सांगा, कुठवर आलं होतं?"

दादांनी सगळी गोष्ट सांगितली. नावाड्याचं घर, आई, आणि खोडकर मुलगा. मुलगा झाडावर चढतो, आईच्या शिव्या खातो. बाई ऐकत राहिल्या. मग पुस्तक उघडून वाचू लागल्या. त्यातही तो मुलगा होता, हसत होता, जेवायला मागत होता. दादा डोळे मिटून ऐकत होते.

परतताना बाई मला म्हणाल्या, "पुस्तकात तो मुलगा तिसऱ्या प्रकरणातच तापाने जातो हो. पार्वतीबाईंनी त्याला जगवत आणलं होतं. मी कुठल्या तोंडाने मारू?"

दादा आणि पार्वतीबाईंचा मुलगा दामू लहानपणी तापानेच गेला होता, हे दिघाशीत सर्वांना ठाऊक आहे.

मंडळी, ग्रंथपालाने छापलेलं सोडून भलतंच वाचावं का? नियमात बसत नाही. पण त्यानंतरही बाई दिघाशीला जात राहिल्या आणि नसलेल्या मुलाला शेवटच्या पानापर्यंत घेऊन गेल्या.

आता जे सांगतो, ते बाईंनाही ठाऊक नाही. सांगायची परवानगी दादांनीच दिली आहे. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. परवा ते मला म्हणाले, "पारू गेली तवा एक दिस चष्मा लावून बसलो. पोरगा गेलेला वाचला. तवा समजलं, माझी पारू मला कशाकशापासून वाचवत व्हती."

मी विचारलं, "मग बाईंना बोलला का नाहीत?"

"पारूची गोष्ट कोनाला तरी सांगायची व्हती. बाई पुढं वाचाया लागल्या न् पोरगा जित्ता! म्हटलं, गप ऐक बाळाराम. बोललो असतो तर थांबल्या असत्या."

बाई, रुमाल घ्या. आम्ही थांबतो.

दादा वर यायला लाजतात, म्हणून पुस्तक त्यांनी आज माझ्या हातून परत केलं आहे. आणि एक निरोप दिला आहे, तो त्यांच्याच शब्दांत सांगतो: "बाईना बोल, रिटायर झाल्या तरी कापनीला या. पुस्तक कंचंबी आना. पन यंदा छापलंय तसंच वाचा. आता सोसंल."

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. नमस्कार.