न काढलेला केर

"'आमच्या सुनेक केर काढूचो कंटाळो!' आई गावभर सांगायची. आठवतं गो, कमल?"

डिचोलीहून पणजीला निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर अग्निशामक दलाच्या खाकीतले गृहस्थ बायकोला चिडवत होते.

"आठवतं. सासूबाईंचा आवाज लाटंबार्शापर्यंत जायचा."

"आता एकतीस तारखेला साठ पुरी, मग रिटायर. काजूच्या डोंगराला आग लागली तरी मला कोण बोलावणार नाही. मीच काढीन केर."

"गुडघे वाजतात तुमचे. सरकारला कळलं एकदाचं."

"अजून माडावर चढतो मी!"

"चढा. उतरवायला बंब बोलवीन."

"पण खरं सांग, मी ड्युटीवरून येईपर्यंत घर तसंच का ठेवायचीस?"



"बाहेर पडलेल्या माणसामागे केर काढू नये म्हणतात. आणि तुम्ही तर आगीत जायचात."