घर दाखवायचा कार्यक्रम

गयास: भाभी, एक बात सांगा. आपण घर बघायला गेलतो का पंचनामा करायला?

रूपा: का हो गयासभाई? काय चुकलं माझं?

गयास: चुकलं काय म्हणता! उल्कानगरीतला एवढा भारी फ्लॅट. तिसरा मजला, लिफ्ट, समोर बगीचा. आणि तुम्ही पर्समधून वही काढली. “नळ गळका, एक. काच तडकलेली, दोन.” पंखे मोजले, बल्ब मोजले. मालक मेरेकू गॅलरीत घेऊन पूछता, ही बाई महापालिकेकडून तर नाही ना आली?

कडूबाई: मंग तुमी काय सांगतलं?

गयास: म्हटलं, साब, फौजीची घरवाली आहे, सोबत तिची सास आहे. तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला. चला, रिक्षात बसा दोघी. अम्मा, पदर आत घ्या, चाकात जाईल.

रूपा: सवय आहे हो ती. क्वार्टरची किल्ली मिळाली की आधी यादी करायची, काय फुटलंय, काय गळतंय. नाहीतर सोडताना सगळं आपल्याच माथी. लग्नाला सतरा वर्षं झाली, आठ क्वार्टर झाले.

कडूबाई: आठ! मांजर सुदीक पिल्लं सातच घरं फिरवती गं.

गयास: और वो आठही तुम्ही कसे पसंत केले?

रूपा: पसंत कोण करतंय? कागद येतो. ब्लॉक नंबर अमुक, क्वार्टर नंबर तमुक. जायचं, पेट्या लावायच्या, दुसऱ्या दिवशी डबा करायचा. आवडलं का, असं कुणी विचारत नाही, आणि खरं सांगू का, आपल्यालाही सुचत नाही.

गयास: मग यावेळी पण कागदच घ्या की. आपली छावणी आहे ना इथं.

रूपा: तिथं यादी लांब आहे. ह्यांची बदली सरहद्दीवर झालीय, दोन वर्षं. बायकापोरांना तिकडं नेता येत नाही. माझ्यासारख्यांना छावणीत क्वार्टर देतात, पण नंबर लागायला वर्ष जाईल म्हणाले. आणि पठाणकोटचं घर पंचवीस तारखेला सोडायचंय. अमृताची अकरावी इथंच करायची ठरलीय. तेव्हा आज संध्याकाळी ह्यांचा फोन आला की मला सांगायचंय, कुठलं घर. ट्रकवाला पत्त्याशिवाय निघत नाही.

गयास: टाइम पण काय निवडला तुम्ही! शेंद्र्याला कारखाने वाढले, बाहेरचे इंजिनियर आले, आणि आपल्या शहराची भाडी आसमानला गेली. पण टेन्शन नका घेऊ. या उल्कानगरीवाल्याला तुम्ही पसंत आहात. थोडं कमी पण करेल. बोलला, फौजी लोक सबसे अच्छे. पैसा टाइमवर देतात, भांडत नाहीत, और सबसे बडी बात, जातात.

रूपा: जातात?

गयास: म्हणजे खाली करतात. दोन-तीन वर्षं झाली की आपोआप. कोर्टकचेरी नाही, हातापाया पडणं नाही.

रूपा: म्हणजे मी आत पाऊल टाकायच्या आधीच त्याला माझं जाणं पसंत पडलं.

कडूबाई: राग कामून आला? खरंच हाय की ते.

रूपा: खरं आहे म्हणूनच आला.

गयास: एक मिनिट हां, सिडकोवाल्या मालकाचा फोन आहे. बाजूला घेतो... हां साब, बोला. निघालोच तुमच्याकडं. फौजी फॅमिली आहे, नायब सुभेदार आहेत... हां, मराठीच... आडनाव? साब, माणसं एकदम शरीफ... नाही, ते पूर्ण नाव मी... अच्छा. अच्छा. ठीक आहे साब.

कडूबाई: काय म्हनला?

गयास: ते घर राहू द्या अम्मा. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडं पाहुणे येणारेत म्हणे. राहायलाच.

कडूबाई: हे पाव्हने म्या लई वर्सांपासून ऐकते बाबा. अजून कुनाच्या घरी पोचले न्हाईत.

गयास: अम्मा, मेरेकू भी वहीच मेहमान आडवे येतात. माझी बहीण घर शोधत होती, तिच्या वक्ताला तर रोज एका घरी येत होते.

रूपा: फौजेत माणसाची पहिली ओळख नंबर. मग रँक, मग नाव. आडनावापाशी कुणी थांबत नाही. इतकी वर्षं झाली, मी विसरूनच गेले होते की इथं थांबतात.

कडूबाई: सोड. घर बघनं म्हंजी पोरगी बघितल्यावानीच हाय. फरक येवढाच, हितं घरवालाच आपल्याला बघतो. चहा-पोहे बी देत न्हाई मेला.

गयास: चहा मी पाजतो. टपरी पुढंच आहे. पण भाभी, रागावणार नसाल तर एक बोलू? वीस वर्षं रिक्षा चालवतो, आणि दहा वर्षं झाली, लोकांना घरं दाखवतो. घरात शिरल्यावर बायका काय बघतात मला पाठ आहे. कोणी किचनचा ओटा बघते, कोणी शेजारीण बघते. पाणी किती दिवसांनी येतं, हा तर अपने गाव का पहला सवाल. तुम्ही सकाळी शहागंजच्या घरी काय विचारलं?

रूपा: काय विचारलं?

गयास: जिना मोजला हातानं. आणि घरवाल्या मेहरुन्निसा आपांना विचारलं, “पेट्या खाली उतरतील ना इथून?” उल्कानगरीत लिफ्ट बघितली आणि तेच. “पेट्या खाली उतरतील ना?” भाभी, दुनिया विचारते, सामान वर चढेल का. तुम्ही आत यायच्या आधीच उतरायची तयारी करता.

रूपा: असं विचारलं मी?

कडूबाई: इचारलंस. दोन्ही टायमाला.

रूपा: आणि तुम्ही गप्प बसलात, आत्याबाई?

कडूबाई: मला वाटलं, फौजेत तसंच इचारत्यात.

(रिक्षा टपरीपाशी थांबते. तीन चहा येतात.)

रूपा: सकाळी हे फोनवर काय म्हणाले माहितीये? “तुला आवडेल ते घे.” मी खूश झाले. आता वाटतंय, हा सरळ हुकूम असता तर बरं झालं असतं. आवडणं कुठून आणू? मला घर ताब्यात घेता येतं, सोडता येतं. मधलं येत नाही.

गयास: मधलंच तर घर असतं भाभी.

रूपा: आत्याबाई, तुम्ही तुमचं घर कसं घेतलंत? पैठणजवळचं, आत्ताचं?

कडूबाई: म्या घेतलं? म्या कशाला घेते. धरन झालं तवा जुनं गाव पान्यात गेलं. म्या नवी नवरी. सासरी येऊन दीड वरीस झालं व्हतं. अंधारात चुलीपशी काडीपेटी कुठं हाय, ते आत्ता कुठं हाताला कळाय लागलं व्हतं. तेवढ्यात कागद आला. प्लॉट नंबर सत्तावीस.

रूपा: म्हणजे तुम्हालाही नंबरच.

कडूबाई: नंबरच तर. तुह्या सासऱ्यानं सही केली, आन् बैलगाडीत भांडी घालून गेलो. मला वाटायचं, गाव नवं हाय तं बसनं-उठनं बी नवं आसंल. पर लोकं तिथं बी जुन्याच अंदाजानं बसली. आमी पुन्हा कडंलाच. आन् घराचं त्वांड केलं माळाकडं.

रूपा: माळाकडं का?

कडूबाई: कोन जाने. गवंड्याला जसं सुचलं तसं. रस्त्याकडं सगळी आंधळी भित. पन्नास वर्सं झाली, रस्त्यानं कोन आलं, कोन गेलं, ते बघायला मला घराला येढा घालावा लागतो. तुहा नवरा सुट्टीवर यायचा तवा बी कुत्रं भुकलं की म्या वळखायची, आला इश्वजीत.

गयास: मग त्या भिंतीला एक खिडकी का नाही पाडली अम्मा? एका दिवसाचं काम.

कडूबाई: म्हनलं व्हतं एकडाव. मालक म्हनले, रस्त्यावर काय बघायचंय तुला? ते गेल्यावर पोराला म्हनलं. त्यो म्हनला, आई, आता कशाला पाडापाडी. त्याचं बी खरंच हाय. तो आठ दिस येतो, त्यातले दोन दिस झोपतो.

रूपा: मला कधी बोलला नाहीत हे.

कडूबाई: तू कवा इचारलं? तू बी चार दिसांचीच.

रूपा: आणि जुनं गाव? ते परत कधी दिसतं का?

कडूबाई: दिसतं की. उन्हाळ्यात पानी लई खाली गेलं की चौथरे वर येत्यात. एका साली गेलते म्या बघायला. वळखू आलं न्हाई गं काय. पर ज्या चौथऱ्यापशी हुभी राहिले, तिथून वाट बराबर दिसत व्हती. तवा म्हनलं, हेच आसंल आपलं. दारात बसलं की वाट दिसायची, येवढंच ध्यानात व्हतं.

गयास: अब समझा. म्हणून अम्मा सकाळी शहागंजच्या खिडकीतून हलत नव्हत्या! भाभी जिना मोजतात आणि ह्या गजांना धरून बसल्यात.

रूपा: मला वाटलं, दमल्यात.

कडूबाई: दमते कशाला? खाली किती मानसं! एक म्हातारा चष्म्याच्या गाड्यावर आला. पाच चष्मे घालून बघितले, पाची वेळेला आरशात हासला, आन् एक बी न घेता गेला. एक बाई बांगड्या भरत व्हती, कासार तिचा हात दाबतोय आन् ती त्यालाच दम देतीय. दोन पोरी एकाच आईसक्रीमवरनं भांडत व्हत्या. आन् ती घरवाली, काय नाव तिचं...

गयास: मेहरुन्निसा आपा.

कडूबाई: ती. तिनं मला मोडा आनून देला बसायला. म्हनली, बसा, ये खिडकी बसनेकीच है.

गयास: आपांचा मुलगा दुबईला आहे. वरच्या दोन खोल्या रिकाम्या ठेवायला त्यांना आवडत नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, किती जण राहणार?

रूपा: मी म्हटलं दोघी. मी आणि अमृता.

कडूबाई: ऐकलं म्या.

रूपा: आत्याबाई, आवडलं होतं का तुम्हाला ते घर?

कडूबाई: माह्या आवडीचं काय बाई? ऱ्हायचंय तुमाला. उल्कानगरीचं बी चांगलंच हाय. गार फरशी, पोरीला अभ्यासाला गप. तिथं खालचं मानूस मुंगीयेवढं दिसतं, त्याला विलाज न्हाई.

रूपा: तुम्ही नसता आलात आमच्याबरोबर? राहायला?

कडूबाई: मला कुठं कोन म्हनलं?

रूपा: हे म्हणाले होते, आईला गाव सोडवणार नाही, तिला विचारूही नकोस, उगाच जिवाला लागेल तिच्या.

कडूबाई: आसं म्हनला?

रूपा: हो. म्हणून मी...

कडूबाई: ज्या गावात म्या माह्या मनानं कवा गेलेच न्हाई, ते सोडायला मला काय व्हतंय? आन् जिवाला लागंल का न्हाई, ते जिवाला तरी इचारायचं.

रूपा: मग आज तुम्ही कशाला आलात माझ्यासोबत? मला वाटलं, घरं नापसंत करायला आलात. म्हणजे मी शेवटी गावाकडं येईन, असं वाटत असेल तुम्हाला.

कडूबाई: घरं बघायला आले. दुसरं काय? दुसऱ्याचं घर आतून कसं आसतं, बघावं वाटतं मानसाला.

रूपा: मला भीती वाटते, आत्याबाई. आजवर ह्यांनासुद्धा सांगितलं नाही, आज सांगते. क्वार्टरमध्ये भिंतीपलीकडं एक तरी बाई असायची, जिचा नवरा माझ्या नवऱ्यासारखाच लांब. दोघी मिळून टीव्हीवरच्या सरहद्दीच्या बातम्या बंद करायचो. इथं मी एकटी पोरीला घेऊन राहणार, तर घर महागाचं असो की स्वस्तातलं, काय फरक पडतो? मी आज भिंती बघत होते, पण मला घर नकोच होतं. सोबत हवी होती.

गयास: भाभी, चहा थंड झाला.

रूपा: होऊ द्या. आत्याबाई, इकडं बघा. यादी नाही, नंबर नाही, ह्यांचा निरोप नाही. मी विचारते. तुम्हाला कुठं राहायचंय? गावात, शहागंजला, उल्कानगरीत, कुठंही. आधी तुम्ही सांगा, मग मी ट्रकवाल्याला सांगते.

कडूबाई: संध्याकाळपातूर सांगायचं ना?

रूपा: हो.

कडूबाई: मंग थांब जरा. आशी घाई करू नको. अडुसष्टाव्या वर्सी पैल्यांदा इचारलंय कुनी, नीट इचार करून सांगते.

गयास: रिक्षा बंद केली, अम्मा. सावकाश होऊ द्या.