घरच्या पाहुण्याचा अर्ज

परदेशी पाहुण्यांच्या अर्जांची खिडकी अजून उघडायची होती. माझ्या शेजारच्या बाकावर एक वयस्कर नवरा-बायको अर्ज भरत होते. परदेशातला मुलगा गेल्या महिन्यात तिकडचा नागरिक झाल्याचं नवऱ्याने एव्हाना निम्म्या रांगेला सांगितलं होतं. आता त्या मुलाला घरी यायला व्हिसा हवा होता.

“पाहुण्याचं नाव?”

“तुम्हीच ठेवलंय. मला काय विचारता?”

“बोलावणाऱ्याशी नातं?”

“मुलगा लिहा. ते अजून बदललेलं नाही.”

“हळू बोल गं. छातीवर हात ठेवून शपथ घेतलीय त्याने.”

“पाहिली फोनवर. स्वतःच्या लग्नातसुद्धा इतका ताठ उभा नव्हता.”

“येण्याचं कारण? तुझं ऑपरेशन लिहू?”

“लिहा की. खरं तेच आहे.”

“पण मग डॉक्टरांचे कागद जोडावे लागतील. खिडकीवाला काल म्हणाला, पर्यटन लिहा, लवकर होतं.”

“मग पर्यटन लिहा. गेल्या वेळीही घर बघूनच गेला.”

“पाहुणा मुदतीत परत जाईल, याची हमी देता का?”

“डोळे मिटून द्या. त्यात तो कधी चुकला नाही.”

“मुक्काम किती दिवस?”

“चार म्हणालाय.”

“चार लिहितो.”

“थांबा. जास्तीत जास्त किती लिहिता येतात?”

“एकशे ऐंशी.”

“मग एकशे ऐंशी लिहा.”

“अगं, पण तो चारच दिवस…”

“ते त्याचं झालं. अर्ज आपला आहे ना?”

नवऱ्याने पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

“अंकी लिहू की अक्षरी?”

“दोन्ही लिहा.”