सत्तेचाळिसावा खड्डा

नाव सौ. आनंदी पंढरीनाथ शिगवण, वय ४९ वर्षे, काम घरकाम, शिक्षण जुनी अकरावी मॅट्रिक, राहणार सिल्व्हर पार्क, मिरा रोड (पूर्व), मूळ गाव तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी. आज सोमवार दि. ३०/१०/२००६ रोजी सकाळी ११.१० वाजता कोणी बोलावले नसताना पोलीस ठाण्यात स्वतःहून येऊन, माझ्या हस्ताक्षरात लिहून देते की,

गुरुवार दि. २६ रोजी दुपारी पोस्टमनने आमच्या घरी रजिस्टर पाकीट दिले. त्यावर बावीस रुपयांची तिकिटे होती. आत आलेले कागद असे. टायरच्या दुकानाचे बिल, दोन टायर प्रत्येकी ६,८०० रु., चाके बसवून तोलून देण्याचे ३०० रु., गाडी ओढून नेण्याचे ९०० रु., एकूण १४,८०० रु. सोबत गाडीमालक सूरज धर्माजी केणी यांचे माझ्या यजमानांच्या नावे पत्र. पत्रात लिहिले होते की, "आपला मुलगा रोहित याने दि. १८ रोजी पोलिसांसमोर कबूल केले आहे की त्याने गाडी भरधाव व हयगयीने चालवून खड्ड्यात घातली. सबब नुकसानभरपाई द्यावी."

बिलाबद्दल माझी तक्रार नाही. माझे म्हणणे पत्रातल्या "भरधाव" या शब्दाबद्दल आहे.

रोहित वय २४, माझा एकुलता एक मुलगा. त्याच्याकडे जड वाहनाचा परवाना व बिल्ला आहे. बसचालकाच्या सरकारी भरतीत तो लेखी व चाचणी दोन्हीत पास झाला असून आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली आहे. तोपर्यंत तो केणी यांच्या भाड्याच्या गाड्या लग्नकार्यात चालवतो. आजवर त्याच्या नावावर एकही दंडाची पावती नाही. सिग्नल तोडल्याचीसुद्धा नाही.

सदरची गाडी लाल रंगाची असून केणी यांनी ती हौसेने शर्यतीच्या गाडीसारखी करून घेतली आहे. स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली आहे व मोठ्या चाकांवर पातळ टायर घातले आहेत. चाकाची धातूची कड आणि रस्ता यांच्यामध्ये रबर फक्त चार बोटे येते. हे मी स्वतः बोटे लावून पाहिले आहे. स्टेपनी मात्र जुन्या लहान मापाचीच ठेवली आहे. शनिवार दि. १४ रोजी सकाळी चावी देताना केणी रोहितला म्हणाले, "स्पीडब्रेकरवर तिरपी काढ. पोट घासलं तर तुझं पोट मी घासीन." नंतर मला म्हणाले, "काकी, तुम्हीपण लग्नाला चाललाय ना? बसा की, गाडी रिकामीच जातेय." त्यामुळे मी परवानगीशिवाय गाडीत बसले, असे कोणी म्हणू नये.

लग्न टेरेझाबाईंच्या मुलीचे, कॅरेनचे होते. टेरेझाबाई तारोडीच्या. त्या चौदा वर्षे आमच्या इमारतीत मासे घेऊन येतात व जिन्यात बसून माझ्या हातचा चहा पितात. नवरीची गाडी रोहितच आणणार, असे त्यांनीच केणी यांना सांगितले होते. तारोडीहून नवरीला घेऊन साडेदहाच्या आत उत्तनच्या चर्चमध्ये पोचवायचे होते.

आदल्या दिवशी अवेळी पाऊस पडून गेला होता. पाइप टाकण्यासाठी तारोडीहून चर्चकडे जाणारा रस्ता आधीच खणलेला होता. सगळ्या खड्ड्यांत मातकट पाणी भरल्याने कोणता वीतभर आणि कोणता गुडघाभर, ते कळत नव्हते. रोहितने तारोडीत गाडी लावली, रस्त्यावर पुढे जाऊन परत आला व म्हणाला, "आई, ही गाडी या रस्त्याची नाही. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. एक जरी चाक चुकीचं पडलं तर नवरी रस्त्यात." दुसरी गाडी मिळण्याइतका वेळ नव्हता. रिक्षाने न्यावे तर कॅरेनचा झगा रिक्षात मावला नसता.

तेव्हा मी म्हटले, मी पुढे चालते. टेरेझाबाईंनी मासे सुकवायच्या मांडवाचा एक बांबू काढून दिला. म्हणाल्या, "वास येल हां आनंदी. परवापर्यंत बोंबील होते त्यावर." माझा शनिवारचा उपास होता. मी सांगितले की उपास तोंडाचा आहे, हाताचा नाही. गाडीच्या सजावटीतली पांढरी रिबीन मी बांबूला टोकापासून चार बोटांवर बांधली. रिबीन पाण्याखाली गेली की तो खड्डा टाळायचा. रोहितने खुणा ठरवल्या. बांबू वर केला की थांबायचे, ज्या बाजूला दाखवला त्या बाजूने यायचे, आणि बांबू काखेत धरला की रस्ता मोकळा आहे, सरळ यायचे. या खुणा त्याने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतल्या.

९.२० ला निघालो. पदर खोचून, चपला पायात ठेवून मी पुढे चालत होते. मागे गाडीत रोहित, कॅरेन व टेरेझाबाई. प्रत्येक खड्ड्यात बांबू घालून मी खोली पाहत होते व मोजत होते. मोजायची मला सवय आहे. मागे चार रिक्षा अडकल्या. त्यातला एक रिक्षावाला ओरडून म्हणाला, "माताजी, आप चलो आगे, हम बारात लेके आते हैं." त्यावर टेरेझाबाई खिडकीतून म्हणाल्या, "वाजंत्री तेवढी कमी हाय बघ, आनंदी." कॅरेनचा आवाज आला, "ममी, हसवू नको, काजळ उतरंल माझं."

मारुतीच्या देवळापर्यंत पंचेचाळीस मिनिटे लागली. तोवर सेहेचाळीस खड्डे झाले. त्यातल्या एकाही खड्ड्यात रोहितने चाक पडू दिले नाही. काही ठिकाणी दोन खड्ड्यांमध्ये जेमतेम चाकाएवढी वाट होती, तिथूनही त्याने गाडी अशी काढली की पाणी हलले नाही. एवढ्या वेळात त्याने एकदाही हॉर्न दिला नाही. गाडी माझ्या टाचेमागे तीन हातांवर होती आणि मी एकदाही मागे वळून पाहिले नाही. वळून पाहावे असे मला वाटलेच नाही. भरधाव गाडी हाकणाऱ्यापुढे कोणी पाठ करून पाऊण तास चालेल का, याचा ठाण्याने विचार करावा.

आता जे घडले ते माझ्याकडून घडले. देवळात आरती चालू होती. शनिवारी मारुतीसमोरून हात न जोडता मी कधी पुढे गेलेले नाही. बांबू चिखलात टाकावासा वाटला नाही, म्हणून काखेत धरला, हात जोडले व डोळे मिटले. ठरलेल्या खुणेप्रमाणे रोहितने त्याचा अर्थ रस्ता मोकळा आहे असा घेतला व मला डाव्या हाताला सोडून गाडी सरळ पुढे आणली. पुढचा खड्डा, म्हणजे सत्तेचाळिसावा, मी पाहिलाच नव्हता. त्यात फुटलेल्या गटाराच्या झाकणाची लोखंडी चौकट उभी होती. डावे पुढचे चाक त्यात उतरले व टायरची बाजू चौकटीवर कापली गेली. हवा गेल्याचा आवाज ऐकून मी डोळे उघडले.

रोहित खाली उतरला. त्याने टायर पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. माझे हात अजून जोडलेलेच होते. तो एवढेच म्हणाला, "झालं पाया पडून? चल, आधी नवरीला पोचवू." लहान मापाची स्टेपनी लावली असती तर गाडीचे पोट त्या बाजूने जमिनीला टेकले असते, म्हणून त्याने ती लावली नाही. चर्च तिथून दोनशे पावलांवर होते. कॅरेन स्वतःच दार उघडून उतरली व म्हणाली, "मावशी, राहिलंय किती. तू झगा धर, मी चालते." झग्याचा घोळ मी एका हाताने उचलून धरला, दुसऱ्या हातात बांबू होता. पुढे रोहित, मध्ये नवरी, मागे मी, माझ्यामागे टेरेझाबाई. चर्चच्या पायरीवर आलो तेव्हा दहा वाजून बावीस मिनिटे झाली होती. घोळाला चिखलाचा एक थेंब नव्हता. टेरेझाबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला व माझ्या पाठीवर हात ठेवला.

लग्न लागल्यावर रोहितने मला बाजूला घेतले व म्हणाला, "कोणी विचारलं तर तू सकाळपासून चर्चमध्ये होतीस." मी त्याला काही बोलले नाही. ती माझी दुसरी चूक.

दि. १८ रोजी तो घरी उशिरा आला व जेवण नको म्हणाला. दिवाळी तीन दिवसांवर होती, मी अनारसे तळत होते. मला वाटले बाहेर खाऊन आला असेल. केणी यांच्या अर्जावरून बोलावल्याने तो या ठाण्यात येऊन सही करून गेला होता, हे मला पत्र आल्यावर कळले. यजमान पत्र वाचून म्हणाले, "पोरानं स्वतः कबूल केलंय. आता तू मध्ये पडून काय करणार?" माझे नाव ठाण्याच्या कागदावर येऊ नये एवढ्यासाठी त्याने ते कबूल केले आहे. लहानपणी त्याच्या हातून पेला फुटला तरी तो स्वतः येऊन सांगत असे. खोटे बोलण्याची त्याला सवय नाही आणि म्हणूनच त्याला ते नीट जमलेले नाही. जबाबात त्याने वेग किती लिहिला, ते मी आत्ता ठाणे अंमलदारांकडून विचारून घेतले. ताशी साठ लिहिला आहे. त्या रस्त्यावर त्या दिवशी बैलसुद्धा पळाला नसता.

माझ्या बोलण्याला पुरावा म्हणून कापलेला टायर सोबत हजर केला आहे. तो मी शनिवारी केणी यांच्या गॅरेजमधून मागून घेतला. केणी म्हणाले, "काकी, त्याचा झोपाळा करणार का?" मी अडखळत म्हटले, न्या, सॉरी, न्यायाच्या कामाला लागतो. आमच्या इमारतीखाली पंक्चरचे दुकान चालवणारा रामू याला मी तो दाखवला. रामू वीस वर्षे हेच काम करतो. त्याने टायर आतून बाहेरून चाचपला व सांगितले, "जोरात आपटली असती तर रबर कड आणि खड्ड्यामध्ये चेपलं असतं. आतले दोरे तुटतात, बाजूला फुगा येतो, रिम वाकते. पातळ टायरला तर पहिला मार रिमलाच. हा तसा नाय, आनंदीताई. हा सरळ काप हाय, सुरीनं कापल्यासारखा. गाडी हळू उतरलीय." मी त्याला रिम पाहण्यासाठी केणी यांच्याकडे नेले. रिम सरळ आहे, फक्त ओरखडा आहे. बिलातही रिमचा खर्च लावलेला नाही, हे ठाण्याने पाहावे. हे दाखवल्यावर केणी म्हणाले, "मला काय माहीत, त्यानेच सांगितलं फास्ट होतो म्हणून." हे त्यांचे म्हणणे खरे आहे. त्यांच्यावर माझा आरोप नाही.

टायर एक कापला, बिल दोनचे आहे, पण पुढची जोडी सारखी लागते असे रामूने सांगितल्याने तेही मान्य आहे. रक्कम मी माझ्या साठवणीतून आज केणी यांना दिली व पावती घेतली. हे दान नाही व उपकारही नाही. चूक माझी, म्हणून भरणा माझा.

ठाणे अंमलदारांनी विचारले, "ताई, तुम्ही हे लिहून दिलंत तर मुलाचा जबाब खोटा ठरतो, कळतंय ना?" मला कळते. खोटे बोलल्याबद्दल त्याला काय बोलायचे ते मी घरी बोलेन. परंतु ज्याने पाऊण तास आईच्या चालीने गाडी चालवली त्याच्या कागदावर भरधाव लिहिलेले राहू नये. शंका असल्यास पंचांना घेऊन तारोडीला यावे. मी तोच बांबू घेऊन तेवढेच अंतर पुन्हा चालून दाखवीन व घड्याळ पंचांनी धरावे. त्या दिवशी शनिवार असला तर देवळासमोर मी आधी बांबू वर धरीन व मग हात जोडीन.

लिहिलेले ठाणे अंमलदारांनी मोठ्याने वाचले, मीही चष्मा लावून ओळ न् ओळ पाहिली. "न्या, सॉरी" हे शब्द मी खोडणार होते, पण मी तसे बोलले होते म्हणून राहू दिले. बाकी सर्व मी लिहिल्याबरहुकूम बरोबर आहे. अंगठा नाही, सही करते.

सौ. आनंदी पंढरीनाथ शिगवण

सही झाल्यावर विनंतीवरून जादा ओळी: मी इथे आले होते हे रोहितला माहीत नाही. घरचा फोन तोच उचलतो, तरी फोन करू नये. भरधाव हा शब्द निघाला की नाही ते माझ्या नावे लेखी कळवावे. पोस्टमन दुपारी दीडला येतो, त्या वेळी घरी मी एकटी असते. तिकीट लावलेले, पत्ता घातलेले पाकीट जोडले आहे. उत्तर कृपया उलट टपाली पाठवावे.