गुप्ताजींचं छपाईयंत्र

तुम्हाला सांगतो, लखनौला दुकान थाटलं तेव्हा मला यंत्रांचे फोटो काढायचं वेड होतं. हजरतगंजमागे गुप्ताजींचा छापखाना. त्यांचं जुनं यंत्र दुसऱ्या दिवशी भंगारात जाणार होतं, आणि मला ते शाईने बरबटलेलंच टिपायचं होतं. कॅमेरा घेऊन पोचलो, तर यंत्र घासूनपुसून लख्ख, वर झेंडूचा हार!

"फोटो खिंचना था ना? नहला दिया."

"गुप्ताजी, मुझे काम करती मशीन चाहिए!"

"मेहमान के सामने मैली सूरत? हमसे न होगा."

मी हटतोय थोडाच! म्हटलं, "अच्छा, तो मेरे विज़िटिंग कार्ड छाप दीजिए. अभी."

गिऱ्हाईक म्हटल्यावर हार उतरला, शाई चढली, यंत्र धडधडलं. मी रीळ संपवलं.

फोटोत कोपरापर्यंत काळे झालेले गुप्ताजीही आले होते. बघून हळहळले, "मशीन तो ठीक है, भाईसाहब, हमें तो नहाने देते!"