पाठ टेकली न्हवती

राजारामपुरीत मिक्सर दुरुस्तीला घेऊन मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढं कान मोडलेले एक म्हातारे पैलवान. दुकानवाल्या सुष्मिताताई त्यांचा डीव्हीडी प्लेअर टीव्हीला जोडून दाखवत होत्या.

"पिवळी वायर पिवळ्यात, लाल लालमधी, पांढरी पांढऱ्यात. झालं, आजोबा."

"आन् हळू चालवायचं बटण?"

"रिमोटवर हे. कसली डीव्हीडी हाय?"

"मुरगूडच्या मैदानातली कुस्ती. माझी आन् उदयसिंहची. पंचानं त्याला जिंकवला. माझी पाठ टेकलीच न्हवती."

"ह्यात दिसलं नसंल व्हय?"

"भरभर जातंय की. आज हळू बघायचं."

"लावते. थांबा... आजोबा, टेकलीया की ओ."

"मागं घे. परत लाव."

"परत बी टेकलीया."

आजोबांनी रिमोट घेऊन स्वतःच आणखी एकदा मागं घेतलं, हळू लावलं.

"बंद करू?"

"वायरी काढ. आता मी जोडतो, तू बघ."

"घरात कोण न्हाय व्हय जोडाय?"

"घरात न्हाय जोडायचं. उदयसिंहच्या घरात जोडायचं. वीस वर्षं त्याला खोटा म्हणत आलोय. त्याच्याम्होरं मीच लावणार. हळू."